पोस्टमन वाट विचारतो

"आता कुठं वळायचं गं?" निवृत्त पोस्टमननं कोपऱ्यावर थांबून विचारलं.

"डावीकडे. कालच नाही का सांगितलं?" बायको म्हणाली आणि मागून येणाऱ्या लेकीकडे बघून हसली. "बघ तुझे बाबा! जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, आता स्वतःला घरी पोचवता येईना."

लेकीला हसू आलं नाही. लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांड्यावर बसून ती याच गल्ल्यांतून हिंडली होती. तेव्हा पाकिटावर नुसतं 'टाकीमागे, निळं दार' असलं तरी पत्र बरोबर त्या दारात पडायचं. तोच माणूस आज प्रत्येक वळणावर अडत होता.

ती बऱ्याच महिन्यांनी माहेरी आली होती. घर बदललेलं होतं. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली होती. दुपारची लांबलचक झोप बंद झाली होती, टीव्हीच्या वेळेला पत्त्यांचा डाव आला होता. आणि संध्याकाळी हे चालणं, दर आठवड्याला नव्या रस्त्यानं.

"सगळं यांच्यासाठी," आईनं सांगितलं होतं. "डॉक्टरांनी बजावलंय, डोकं गंजू द्यायचं नाही. एकट्यानं करतील तर शपथ! म्हणून मीही करते."

आई फळवाल्याशी बोलत थांबली, तशी लेकीनं बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. तुम्हाला रस्ते आठवत नाहीत."

"मला सगळे आठवतात." त्याचा आवाज खाली आला. "विसरायला लागलीय ती. डॉक्टरांचं एक ऐकेना. म्हणाली, मला काय धाड भरलीय? मग मीच आजारी पडलो."

पुढच्या कोपऱ्यावर तिघं थांबली. डावीकडे गल्लीच्या टोकाला घराचं फाटक दिसत होतं.

"आता गं?" त्यानं विचारलं.

आईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. लेक काही बोलणार, तोच बाबांनी तिचा हात दाबला.

"उजवीकडे," आई ठामपणे म्हणाली आणि पुढे चालू लागली.

"बाबा, अहो, घर तर..."

"उजवीकडूनही येतं," पोस्टमन म्हणाला आणि बायकोच्या मागे निघाला. "जरा लांबून, इतकंच."