कराचीहून फोन

"काका, तोंड गोड करा! कराची बंदर उडवलं आपल्या पोरांनी!"

खालच्या मजल्यावरचा पिंटू पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा होता. साहेबरावांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. "भारी काम केलं, राव," ते म्हणाले. पिंटू पुढच्या दाराकडे पळाला.

थेरगावात सकाळपासून फटाके वाजत होते. डांगे चौकात पोरांनी डीजे लावला होता. एरवी साहेबराव स्वतः खाली उतरले असते. चाकणच्या कंपनीत उभा जन्म काढलेला माणूस, पंधरा ऑगस्टला गेटवरच्या झेंड्याची दोरी दुसऱ्या कुणाला बांधू द्यायचा नाही. पण त्यांचा एकुलता मुलगा, धम्मरत्न, त्याच कराचीत इस्पितळात पडून होता. रडावं तर गल्ली काय म्हणेल, आणि हसावं कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

धम्मरत्न मालवाहू जहाजावर फिटर होता. हिवाळ्यात भर समुद्रात जहाजाला आग लागली. जहाजाच्या कंपनीनं 'बेपत्ता' एवढं कळवलं आणि हात वर केले. मग एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. जाईबाईंनी उचलला आणि पलीकडचा माणूस काही बोलायच्या आत ओरडल्या, "धम्मा, तूच ना रे?"

पलीकडच्यानं आधी घसा खाकरला. मग घोगरा आवाज आला, "हो, आई."

तिकडच्या कोळ्यांनी त्याला पाण्यातून काढलं होतं. त्याच्या पाकिटातला घरचा नंबरही त्यांनीच उन्हात वाळवून वाचला. धुरानं घसा गेलेला, चेहरा भाजलेला, म्हणून व्हिडिओ कॉलला तो नकोच म्हणायचा. कागदपत्रं बुडालेली आणि दोन्ही सरकारांचं एकमेकांशी बोलणं बंद, त्यामुळे परत यायचं नाव नाही. पण फाळणीच्या आधीपासूनची काही मराठी घरं तिथं अजून आहेत म्हणे. त्यातलीच एक बाई त्याला डबा आणायची.

दर रविवारी फोन यायचा. जाईबाई तो स्पीकरवर टाकायच्या आणि सगळं घर भोवती बसायचं. साहेबरावांना मध्यंतरी अटॅक येऊन गेला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा या फोननंच त्यांना तारलं, असं जाईबाई सगळ्यांना सांगत.

"दादा आता जयभीम घालत नाही फोनवर," त्याची बहीण मिनल एकदा म्हणाली होती.

"शत्रूच्या मुलखात पोरगं जपूनच बोलणार की," जाईबाईंनी तिला तिथंच गप्प केलं.

आज मिनल वाकडला ऑफिसला गेली नव्हती. टीव्हीवरचा माणूस घसा फोडून ओरडत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. बंदर बेचिराख झालं म्हणे, शहर पेटलं म्हणे.

"बंद करू का, पप्पा?" मिनलनं विचारलं.

"राहू दे. इस्पितळ बंदरापासून किती लांब हाय, ते सांगतील."

ते कुणीही सांगितलं नाही. साहेबराव बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "जाई, मी देशाचं वाईट कधी चिंतलं न्हाई. पण आज वाटतंय, आपल्या पोरांचा नेम चुकावा. हे पाप हाय का गं?"

"न्हाई," जाईबाई म्हणाल्या. "तिथंबी लेकरंच हायेत."

साहेबरावांना स्वतःची लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

रविवार नव्हता, तरी फोन वाजला.

"स्पीकरवर टाक, आई!" मिनल म्हणाली.

"फटाक्यांत काय ऐकू येणार हाय?" म्हणत जाईबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"आई, बरी आहेस ना?" तोच घोगरा आवाज. "इथं काही झालं नाही. टीव्हीवाले खोटं सांगतात. बंदर आहे तिथंच आहे."

जाईबाईंनी दार किलकिलं केलं. "अवो, सुखरूप हाय! काय बी झालं न्हाई त्याला!"

साहेबराव उठले आणि मिनलला मिठी मारून लहान पोरासारखे रडले. मग हातातला पेढा तोंडात टाकला आणि गॅलरीत गेले. खाली पोरं घोषणा देत होती. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी हात वर करून, पोरांपेक्षा मोठ्यानं साथ दिली, "भारत माता की जय!"

जाईबाईंनी दार पुन्हा लोटलं.

"आई, पण आता फोन येणार नाही," पलीकडून आवाज आला. "हिंदुस्थानात कुणाशी बोलतोस म्हणून पोलीस घरी येऊन विचारून गेले."

"मारलं का तुला?"

"एकच थप्पड मारली."

जाईबाईंनी डोळे मिटले. "मग पुन्यांदा फोन करायचा न्हाई. तुला काय झालं तर तुझ्या आईनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"पण तू... आणि बाबांना काय सांगशील?"

"त्यांना मी सांभाळीन. रोज काही तरी सांगीन."

पलीकडे हुंदका फुटला. त्या रडण्यात घोगरेपणा कुठं नव्हता. बाहेर साहेबराव मोठमोठ्यानं हसत होते, पिंटूला आणखी पेढे मागत होते.

"रडू नको," जाईबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या धम्माला कुठं पुरलंत, तेवढं सांग. आणि तुझं खरं नाव काय रे, बाळा?"