पोत्यातली पुस्तकं

दिल्लीच्या अनुदानातून घेतलेली पुस्तकं तपासायला साहेब निघालेत, असा फोन आला आणि मुख्याध्यापिका दमयंतीबाई पुस्तकांच्या कपाटाकडे धावल्या. दोन वर्षांत पोरांनी त्या पुस्तकांची पार लक्तरं करून टाकली होती. कुठे खिचडीचे डाग, कुठे पुठ्ठाच गायब. सरकारी माल जपला नाही असा शेरा बसला, तर पुढचं अनुदान विसराच! बाईंनी सगळी फाटकी पुस्तकं खिचडीच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यात कोंबली आणि कोरी करकरीत दहा-बारा तेवढी टेबलावर मांडली.

साहेबांनी त्यातलं एक उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली.

"हे कुणी वाचलंय?"

वर्गातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी तिसरीतली फुलवंती उभी राहिली. "ती कुणीच वाचत नाय साहेब, त्यात मजाच नाय. चांगली पुस्तकं बाईंनी त्या पोत्यात घातलीत."

बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

साहेबांनी पोतं सोडलं. वरचंच पुस्तक सुतळीनं शिवलेलं, उंटाच्या गोष्टीचं. चाळता चाळता ते उभ्याउभ्याच वाचायला लागले. एकेक पान उलटत पार शेवटाला पोचले. मग त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. शेवटचं पानच नव्हतं.

"अरे, मग उंट घरी पोचला की नाही? कोण सांगेल?"

भराभर सगळ्या वर्गाचे हात वर गेले.

बाईंचासुद्धा.