अरगॉनचा जोड

हणमंतमिस्त्रींनी अरगॉनच्या सिलिंडरचा कॉक हळूच बंद केला आणि तीस वर्षांत प्रथमच आपल्या हातानं कच्चा जोड घातला.

एरवी मिस्त्रींचं वेल्डिंग इतकं पक्कं, की उद्या पृथ्वी तडकली तर देव ती त्यांच्याच शेडमध्ये घेऊन येईल, असं ते स्वतःच सांगत फिरायचे. पण त्यातच घोळ झाला होता. एकटीनं दुधाची डेअरी चालवणाऱ्या सिंधूबाई एकदा कॅन दुरुस्त करून घेऊन गेल्या, की वर्षभर फिरकतच नसत.

"हा अरगॉन कुणात मिसळत नाही बघा," मिस्त्री त्यांना सांगायचे. "तापल्या स्टीलला हवा लागू देत नाही. दोघांचं नीट जुळवतो आणि आपण बाजूला राहतो."

"तुमचाच सख्खा भाऊ म्हणायचा," बाई म्हणायच्या, आणि पन्नाशीतले बिनलग्नाचे मिस्त्री उगाच कॅन पुसत बसायचे.

या खेपेला मात्र आठव्याच दिवशी बाई कॅन घेऊन दारात हजर. जोडाला चाळणीसारखी भोकं.

"गॅस संपला होता का, मिस्त्री?"

"नाही हो, त्या दिवशी वारं असलं सुटलं, की शेडचा पत्रा कराडला जाऊन परत आला..."

"चाळीस लिटर दूध रस्त्यावर गेलं माझं! पुढच्या वेळी गॅस चालू ठेवा आणि सरळ चहाला बोलवा."

मिस्त्रींनी घाईघाईनं वेल्डिंगचं हेल्मेट तोंडावर ओढलं. आतून बारीक आवाज आला, "साखर किती घालू?"