ऐन सणाचं बोलावणं

"आज कोणीही बोलावलं तरी मी जाणार नाही," भिकाजीपंत आगाशे ओटीवर उभे राहून म्हणाले. ते रत्नागिरीच्या कचेरीत हेडक्लार्क होते, त्यामुळे घरातही हुकूम उभ्यानेच देत.

"बरं हो," आतून आनंदीबाई म्हणाल्या आणि पुरण वाटू लागल्या.

शिमग्याची पालखी दुपारी दारात यायची होती. देवीपुढे नारळ ठेवायचा मान घरच्या कर्त्याचा. पण दर साली ऐन वेळी सखाराम पट्टेवाला मागल्या दारी हजर होई. "सायबांनी बोलावलानी हाय." की पंत पगडी चढवून निघाले. मग गणपती असोत, दिवाळी असो, नाहीतर मालनला बघायला आलेली मंडळी. कचेरीत साहेब क्वचितच भेटे. "घोड्यावरनं गेले जणू," सखाराम सांगे. "कागद तयार ठेवा म्हनालेत." पंत संध्याकाळपर्यंत कागद तयार ठेवत. साहेबाला उलट विचारण्याची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

आनंदीबाई कधी कुरकुरल्या नाहीत. उलट सणासुदीची पायपीट करणाऱ्या सखारामच्या हातावर केळीच्या पानात बांधून काहीतरी ठेवीत.

या साली मात्र पंतांचं मन पालटलं. साहेबाने त्यांना ठाण्याची शिरस्तेदारी देऊ केली होती. जन्मभर त्यांना हीच जागा हवी होती. पण त्याच सुमारास एका रविवारी असंच बोलावणं आलं आणि ते कचेरीतून लवकर परतले. माजघरात हसण्याखिदळण्याला ऊत आला होता. ओटीवर त्यांचा जोडा वाजला आणि सगळं चिडीचूप झालं.

मुलं आपल्याला परकी झाली, पंतांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा नाकारली. "घराला माझी गरज आहे, साहेब," असं चांगल्या इंग्रजीत सांगितलं. साहेबाने ती जागा त्यांच्या हाताखालच्या लिमयांना दिली.

मग पंतांनी घराकडे लक्ष घातलं. आमटीला उशीर का झाला, याची कारणं विचारली. मालनने कोणत्या मैत्रिणीकडे जायचं आणि कोणत्या नाही, ते ठरवून दिलं. आज तर ढोलवाल्यांनी कुठे उभं राहायचं, त्यासाठी अंगणात चुन्याची रेघ मारून घेतली.

"ते नाचतात, बाबा," मालन म्हणाली. "रेघेत कसे राहतील?"

"नाचू देत की. रेघेच्या आत."

ढोल वळणावर आले. पंतांनी नारळ हातात घेतला. तेवढ्यात मागल्या दाराशी कोणी खाकरलं. सखाराम होता. चार दिवस शिमग्याला गावी गेलेला, तो तसाच इकडे आलेला दिसत होता. मुंडाशावर गुलाल होता.

"सायबांनी बोलावलानी हाय. आत्ताच्या आत्ता."

"कोणत्या साहेबांनी?"

"आपल्याच की. आता बंगल्यावर भेटले. लय तापलेत."

"सखाराम," पंत सावकाश म्हणाले, "विलायतेहून तार आली म्हणून साहेब काल आगबोटीने मुंबईस गेले. बंदरावर पोचवायला मी होतो."

सखारामने पंतांकडे पाहिलंच नाही. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं.

"वैनी," तो म्हणाला, "आता काय सांगू?"