चिमूटभर नमुना

पडद्यावरची रेघ एकशे पस्तीस अंशांपर्यंत सरळ चालली आणि तिथून एकदम खाली कोसळली. यंत्रातून टक्‌ असा आवाज आला. वहिनी ताडकन उठली.

यंत्रात चिमूटभर निळी भुकटी तापत होती. तापताना तिचं वजन किती घटतं, ते ही रेघ दाखवायची. जुनी भुकटी गुणाची होती. तापवली की टप्प्याटप्प्यानं झिजायची, कुणाला त्रास नाही. नव्या भुकटीतही तांबं तेच, रंगही तोच. फक्त तांब्याला भोवतीनं धरून ठेवणारा रेणू, म्हणजे लिगंड, बदलला होता. तेवढ्यानं तिचा स्वभाव पार पालटला होता. ही झिजत नव्हती, फटाक्यासारखी उडत होती.

आणि हीच भुकटी, चांगली बशीभर, खालच्या खोलीत ओव्हनमध्ये वाळत असणार. एकशे वीस अंशांवर. तासन्‌तास तापत राहिली तर तेवढेही पुरेसे होते. ओव्हनपाशी नणंद होती.

सकाळी नणंदेनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "वहिनी, लिगंड बदललाय. आधी चिमूटभर तापवून बघूया का?"

"काही गरज नाही. जुन्यासारखंच वाळव," वहिनीनं तोडून टाकलं होतं. घरी असो की प्रयोगशाळेत, धाकट्या नणंदेनं शिकवलेलं तिला खपत नसे. पण शंका काही गप्प बसेना. नणंद हातमोजे आणायला वळली, तशी वहिनीनं बशीतली चिमूट गुपचूप उचलली आणि वर आली. 'जरा थांब' एवढंच म्हणायचं होतं. ते मात्र जिभेवर आलं नाही. माघार घेतल्यासारखं झालं असतं ना!

तिनं नणंदेला फोन लावला. नुसती रिंग जात राहिली; काम करताना नणंद फोन पिशवीतच ठेवायची. ती जिन्याकडे धावली. नवऱ्याला काय सांगणार? तुझी बहीण माझ्या तोऱ्यापायी गेली? सासूबाईंसमोर कुठल्या तोंडानं उभी राहणार? जिना संपता संपेना. स्वतःची इतकी लाज तिला कधीच वाटली नव्हती.

ओव्हनचा स्विच दाराबाहेर होता. तिनं झडप घातली. स्विच आधीच बंद होता.

आत काही झालं की काय? तिनं दार ढकललं.

नणंद स्टुलावर बसून काचेची भांडी पुसत होती. ओव्हन थंडगार होता. बशी कोपऱ्यात, जाड काचेच्या आडोशामागे, जशीच्या तशी होती.

"तू... लावलाच नाहीस?" वहिनीला धाप लागली होती. "मी सांगितलं होतं ना तुला!"

सवयीनं आवाज चढला खरा, पण पुढचं बोलणं रडण्यात बुडालं. तिनं नणंदेचा हात घट्ट धरला. नणंद आधी बावरली. मग तिच्या सगळं लक्षात आलं.

"उडाली ना?" तिनं हळूच विचारलं.

वहिनीनं मान डोलावली.

"हातमोजे घेऊन आले तर बशीत खळगा," नणंद म्हणाली. "म्हटलं, वहिनींना माझं पटलंय. फक्त सांगवत नाहीये."