नवी रॅम

आमचा लॅपटॉप तसा जुनाच. एरवी बरा चालतो, पण बंगळुरूच्या आशयला "बाबांच्या ऑपरेशनला येशील ना रे?" असं विचारलं की नेमका हँग होतो. लेकाचं तोंड अर्धवट उघडं, नजर एका जागी, आणि मग कॉल कट.

शेवटी यांनी तो अरेरा कॉलनीतल्या दुकानात नेला आणि रॅम दुप्पट करून आणली. "अंकलजी, अब मक्खन चलेगा," दुकानदार म्हणाला म्हणे.

खरंच चालला. रविवारी कॉल लावला, तर आशयच्या कानाजवळचे पांढरे केससुद्धा दिसले मला. हवापाणी झालं, जेवणखाण झालं. मग मी विचारलं, "मंगळवारी बाबांना ॲडमिट करायचंय. निघतोस ना?"

आशय तस्साच थिजला. यांनी लॅपटॉपला दोन चापट्या मारल्या. मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

तेवढ्यात आशयच्या मागून आमची नात जुई आली. आम्हाला हात हलवला, आणि त्याच्या गळ्यात पडून म्हणाली,



"पप्पा, आज पण स्टॅच्यू?"