चौथा धडा

विद्याश्री इंग्रजी बोलते याबद्दल मल्लव्वाची तक्रार नव्हती. दाराला कडी लावून बोलते आणि बोलताना सासूचं नाव घेते, ही तक्रार होती.

जेवणं आटोपली की सून माडीवर जायची. टेपरेकॉर्डर लागायचा. त्यातला मास्तर आधी इंग्रजीत बोलायचा, मग तेच मराठीत समजावायचा. मराठी आलं की विद्याश्री आवाज बारीक करायची. मग तिचा एकटीचा आवाज माडीच्या फळ्यांतून खाली उतरायचा.

"आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट अवर मल्लव्वा..."

खाली मल्लव्वा तांदूळ निवडत असायची. नाव आलं की बोटं थांबायची.

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दुकानाचा गूळ त्या साली पहिल्यांदा लंडनला जाणार होता. तिथला व्यापारी पत्रातही इंग्रजी आणि फोनवरही इंग्रजी. मुलगा महांतेश गुऱ्हाळं फिरण्यात पटाईत. पण इंग्रजी म्हटलं की त्याला पाणी प्यावं लागायचं. म्हणून जयसिंगपूरची बी.कॉम. सून कॅसेटी घेऊन बसली.

सही मात्र मल्लव्वाची. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं दुकान तिच्या नावावर होतं. शाळा दुसरीपर्यंत, अक्षर सहीपुरतं. बाकी सगळं कानाचं. गाडीवानांची कन्नड, मारवाड्यांची हिंदी, कच्छी दलालाची गुजराती, सगळं गूळ विकता विकता ऐकून शिकलेलं.

"अत्ती, लंडनचे कागद इंग्रजीत असतात," सून एकदा म्हणाली होती. "सही माझी झाली तर बरं पडेल."

"मी हाय तवर माझीच. मी गेल्यावर कर की. कोण नको म्हणतंय?"

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य सुरू झालं.

आधी ते नावापाशीच थांबायचं. मग त्याला शेपूट आलं, "हॅज पास्ड अवे." आठवड्यानं "पीसफुली" आलं. मग "इन हर स्लीप". रोज एखादा शब्द वाढायचा, आणि रोज आवाज जास्त शांत व्हायचा. देवापुढं म्हणावं तसा.

एकदा मल्लव्वानं विचारलंच. "रिग्रेट म्हंजे काय गं?"

विद्याश्रीनं हातातली कळशी खाली ठेवली. "ग्रेट म्हणजे मोठं, अत्ती. रिग्रेट म्हणजे त्याच्याहून मोठं. तुमचं कौतुक सांगायला शिकतेय त्यांना."

"आणि पीसफुली?"

"शांत स्वभावाच्या."

"मी? शांत?" मल्लव्वा खो खो हसली. "लंडनपतुर खोटं पोचवतीस की गं!"

भाजीवाल्या बयाबाईला तिनं दारातच ऐकवलं, "तुझी सून शिव्या घालताना तुझं नाव घेती. माझी इंग्रजीत घेती."

सोमवारी विद्याश्री महादेवाला जाऊन आली, तर टेपमधली कॅसेट भलतीकडेच होती. तिनं ती चौथ्या धड्यावर सोडलेली, आता पाचवा लागला. महांतेशनं कळ दाबली असेल, असं तिला वाटलं. महांतेश तर सकाळपासून हातकणंगल्याला होता.

त्याच दुपारी वाक्य पुरं झालं. शेवटी "ऑन थर्सडे" आलं. त्यानंतर ते वाढलं नाही.

गुरुवार उजाडला. महांतेश पुन्हा हातकणंगल्याला गेला, उद्याच येणार होता.

चार वाजता विद्याश्रीनं हळदीचं दूध आणलं. सासूच्या छातीला बरं म्हणून आठवडाभर ती रोज आणत होती. स्टीलचे दोन पेले, दोन्हींवर नावं घातलेली. तिनं 'मल्लव्वा' मल्लव्वाकडे सरकवला आणि 'विद्याश्री' आपल्याकडे ओढला.

"गूळ कमी हाय," मल्लव्वा म्हणाली.

"अजून तोंडाला तर लावला नाहीत."

"रंगावरनं कळतंय. गुळावर जलम गेलाय माझा. आण चिमूटभर."

विद्याश्री आत गेली. ढेप नवी होती, बत्त्यानं फोडावी लागली. परत आली तेव्हा पेले जागच्या जागी होते. मल्लव्वा आपल्या पेल्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत बसली होती.

मल्लव्वानं गुळाची चिमूट टाकून पेला तोंडाला लावला. शेवटचा घोट गळ्याखाली उतरेपर्यंत सून बघत होती. मग तिनं आपला एका दमात संपवला.

"कडवट लागतंय," ती म्हणाली.

"हळद जास्त झाली आसंल."

रस्त्यावरून पाववाला सायकलची घंटी वाजवत गेला.

"मघा तू वर वाळवणं काढत हुतीस न्हवं," मल्लव्वा म्हणाली, "तवा लंडनचा फोन आलता."

"मग? तुम्ही उचलला?"

"उचलला की. वाजाय लागल्यावर बघत बसू काय?"

"आणि काय बोललात?"

"तुझं कौतुक केलं. तू माझं रोज करतीस, मी एकदा नको करू?" मल्लव्वानं पदर सारखा केला आणि एकाही शब्दाला न अडखळता म्हटलं, "आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट अवर विद्याश्री पास्ड अवे पीसफुली, इन हर स्लीप, ऑन थर्सडे."

विद्याश्रीला आधी हसू आलं. मग ते अर्ध्यातच थांबलं.

"अत्ती, तसं कुणी... त्याचा अर्थ..."

जीभ जड लागत होती. तिनं पेला उचलून पाहिला. नाव तिचंच होतं. मग तिची नजर सासूच्या मांडीमागच्या रिकाम्या तांब्यावर गेली. त्याच्या काठाला दूध लागलं होतं.

मल्लव्वानं तिच्या हातातून पेला काढून घेतला. चटई ओढली, उशी ठेवली, तिचं डोकं हळूच उशीवर टेकवलं.

"हुशार हायस," ती म्हणाली, "पर अभ्यास कच्चा. महिनाभर तू 'हॅज पास्ड अवे' म्हणतीस. वार सांगितला की 'हॅज' लावायचं न्हाय. चौथ्या धड्यात मास्तर मराठीत सांगतोय की गं."